लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा एकांडा

एकांड्याच्या मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, शंका घेणं हा काही दुर्गुण नव्हे, माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. विमा कंपनीच्या ऑफिसात ती दावे तपासायची. ‘गाडी उभी होती हो, मागून ट्रकनं ठोकली’ असं कुणी रडवेल्या तोंडानं सांगायला लागलं की ही बाई पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची आणि गोड आवाजात विचारायची, मग पुढचा दिवा कसा फुटला? तिचं म्हणणं असं, की माणसं खोटं फारसं बोलत नाहीत, तेवढी त्यांची छाती नसते. ती एखादी गोष्ट सांगायची गाळतात. म्हणून कुणी बोलत असलं की ती शब्दांपेक्षा गाळलेल्या जागांकडे जास्त कान द्यायची. नवरा बिचारा मेटाकुटीला आलेला. ऑफिसातून यायला उशीर झाला की तो दोन कारणं तयार ठेवायचा, कारण एकावर तिचं भागायचं नाही.

आणि अशा बाईच्या घरात एक भलामोठा दावा वर्षानुवर्षं न तपासता पडून होता. तो म्हणजे खुद्द तिचा बाप.

बापाचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलेलं. गावाच्या तोंडी तो एकांडा. हे नाव पडलं ती हकिगत गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ती जन्मायच्या आधीची गोष्ट. देशातली मोठी सायकल शर्यत त्या वर्षी पहिल्यांदा या गावातून गेली. आपला माणूस त्या शर्यतीत होता खरा, पण तो पडला मदतनीस. सायकलच्या संघात एक कप्तान असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. कप्तानाला वारा लागू नये म्हणून त्याच्यापुढे चालवायची, त्याच्यासाठी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला बसून राहायचं. दहा-बारा वर्षं त्यानं हेच केलं. एकदाही कुठं पहिला आला नाही. आणि त्या दिवशी गावच्या पुलावरून जो एकटा पुढे सुटला तो गावाच्या मोठ्या रस्त्यावरून वाऱ्यासारखा गेला, पुढचा घाट एकट्यानं चढला आणि पलीकडच्या शहरात एकटाच पोचला. साऱ्या घोळक्याला त्यानं पाणी पाजलं. गावानं त्याला खांद्यावर घेतलं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

खोटं वाटत असेल तर त्याच्याबरोबर बाजारात जाऊन पाहा. दवाखान्यात त्याला नंबर लावावा लागायचा नाही, डॉक्टर स्वतः दार उघडून ‘या दादा’ म्हणायचे. चौकातला पोलीस त्याच्यासाठी मोटारी थांबवायचा. नवं मूल झालं की लोक ते त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आणून सायकलच्या सीटवर बसवायचे आणि फोटो काढायचे. ते मूल भोकाड पसरायचं, एकांडा ओशाळं हसायचा. निवडणुकीला उभं राहा म्हणून दोन्ही बाजूंचे लोक मागे लागून थकले होते. समोरचा सलूनवाला तर त्याचे केस कापताना असा हळू हात चालवायचा, की एखाद्याला वाटावं डोक्याचं ऑपरेशन चाललंय.

एवढं प्रेम, आणि बाप ते अंगावर घ्यायचा कसा? दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा. हे मुलीनं लहानपणीच टिपलं होतं. कुणी ती हकिगत सुरू केली की बाबांना काहीतरी काम निघायचं. चाकाची आरी ढिली व्हायची, सोल्युशनची ट्यूब हरवायची, पंक्चर बघायच्या टबातलं पाणी बदलायची घाई व्हायची. स्वतःच्या तोंडानं त्यानं ती गोष्ट कधी म्हणजे कधी सांगितली नाही. दुकानात भिंतीवर त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता. होतं ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर. शिवाय पुढच्याच हंगामात त्यानं शर्यती सोडल्या. आता सांगा, आयुष्यात पहिल्यांदा जिंकलेला माणूस लगेच सोडतो का? विचारलं की ‘गुडघा’ एवढंच उत्तर. आणि एवढी वर्षं झाली तरी त्या धंद्यातला एकही जुना सोबती कधी दुकानाची पायरी चढला नव्हता.

राहिली आत्या. बाबांची मोठी बहीण. आईबाप लवकर गेले, तिनंच त्याला वाढवलेला. मोठा रस्ता जिथं घाटाकडे वळतो त्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती आधी कामाला होती, पुढे लाँड्रीच तिची झाली. बहीणभावांत भांडण म्हणावं तर तसं काही नाही. घरात लग्न निघालं की ती यायची, भाचीची आई गेली तेव्हा महिनाभर येऊन राहिली. पण गावात एकांड्याचा सत्कार असला की आत्याकडे हटकून कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. तिची तीनचाकी सायकल बिघडली तर ती भाचीच्या हाती निरोप द्यायची, ‘तुझ्या बापाला सांग, चेन पडते.’ दोघांच्या मध्ये गाव काय ते चार गल्ल्यांचं.

मुलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची, पण बापाचा दावा तपासायचा म्हणजे कुठल्या तोंडानं? तिनं फाईल मिटून ठेवली होती. ती उघडावी लागली गावामुळे.

गावानं ठरवलं, त्या शर्यतीची आठवण म्हणून जुन्याजाणत्या शर्यतवाल्यांची एक फेरी काढायची. त्याच पुलावरून, त्याच रस्त्यानं. एकांडा पुढे, बाकीचे मागे. सलूनवाला समितीचा सूत्रधार, त्याला तर झोप लागेना. त्यानं कुठून कुठून पत्ते मिळवले आणि एक दिवस रस्ता ओलांडून दुकानात आला तो धापा टाकतच.

“दादा, तुमचे कप्तान येतायत. स्वतः फोनवर बोललो मी.”

एकांडा चाक सरळ करत होता. फिरतं चाक त्यानं हातानं थांबवलं.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, त्यानं बोलावलंय का? मी म्हटलं, म्हणजे काय, दादांचीच इच्छा आहे.”

“गुडघा दुखतोय माझा,” एकांडा म्हणाला. “मला जमायचं नाही.” आणि डावा गुडघा चोळायला लागला.

मुलगी तिथंच उभी होती. सलूनवाला हिरमुसून गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, इतकी वर्षं उजवा दुखत होता.”

“वय झालं की दोन्ही दुखतात.”

“तुम्ही कप्तानांना घाबरताय.”

“तू तुझ्या ऑफिसात जा बघू,” एकांडा म्हणाला आणि पुन्हा चाक फिरवलं. चाक सरळ होतं, तरी तो ते सरळ करत बसला.

तिनं ऑफिसात जायच्या ऐवजी सलून गाठलं. समितीला मोठ्या फलकासाठी फोटो हवा होता आणि तो फोटो सलूनच्या आरशावर टांगलेला होता. सलूनवाल्याच्या वडिलांनी त्या दिवशी वरच्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला. तिनं तो जन्मभर पाहिला होता: पुढे बाबा, हँडलवर वाकलेले, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आज तिनं तो ऑफिसातला फोटो बघावा तसा पाहिला. अपघाताच्या फोटोत ती गाडी कधी बघायची नाही, मागचं पुढचं बघायची. बाबांच्या मागे, लांब पुलावर, घोळका होता.

“भिंग आहे का हो?” तिनं विचारलं.

सलूनवाल्यानं कौतुकानं भिंग दिलं. तिनं बराच वेळ पाहिलं. घोळक्यातला एक जण बाटलीतून पाणी पीत होता. एकानं दोन्ही हात हँडलवरून काढले होते आणि तो पाठ ताणत होता. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. सगळे सरळ बसलेले. जिंकायला सुटलेल्या माणसाच्या मागे असं कुणी चालवतं का? सहलीला निघाल्यासारखे दिसत होते.

“यांच्या मागे कुणी लागलेलंच नाही,” ती म्हणाली.

“लागतील कसे? दादांचा वेगच तसा होता.”

“वेग राहू दे. हे प्रयत्नच करत नाहीयेत. बघा ना, हा हसतोय.”

सलूनवाल्यानं भिंग तिच्या हातातून काढून घेतलं. त्याचा चेहरा पडला होता. “ताई, तुम्ही मुलगी आहात त्यांची,” एवढंच तो म्हणाला.

ती बाहेर आली. कुठेतरी पाणी मुरत होतं यात आता शंकाच उरली नव्हती, आणि शंका न उरणं तिला शंकेपेक्षा वाईट वाटलं. शर्यत विकली गेली असेल. कुणीतरी ठरवलं असेल, आज याला जाऊ द्या. नाहीतर त्या काळी घेत असत त्या गोळ्या, इंजेक्शनं. दहा-बारा वर्षं बाटल्या वाहणारा माणूस एका दुपारी सगळ्यांना मागे टाकतो तो काय हवापाण्यावर? आणि आता तो कप्तान येणार, गावासमोर तोंड उघडणार, आणि म्हातारपणी बाबांच्या तोंडाला काळं लागणार. डॉक्टर दार उघडणार नाहीत. पोरं सीटवर बसणार नाहीत. तिला रडूच आलं. मग स्वतःचाच राग आला, कारण बापावरचा विश्वास एका भिंगानं उडावा हे तिला शोभलं नव्हतं.

ती तशीच लाँड्रीत गेली. आत्या इस्त्री करत होती. तिथं वाफेचा आणि गरम सुताचा वास कायमचा मुरलेला.

“आत्या, एक विचारू? खरं सांगशील?”

“तू विचारतेस म्हणजे तुला अर्धं ठाऊक असतं.”

“बाबांनी तेव्हा काही घेतलं होतं का? गोळ्या वगैरे?”

आत्या हसली. खळखळून हसली, तिला इस्त्री उभी करून ठेवावी लागली. “तो? अगं, डोकेदुखीची गोळी त्याला मी साखरेत घालून द्यायचे.”

“मग शर्यत विकत घेतली होती कुणी?”

“त्याच्यासाठी कोण घेणार? आमच्याकडे होतं काय?”

“मग तू का येत नाहीस त्यांच्या सत्काराला? एकदाही आली नाहीस. मी मोजत नाही, पण माझ्या लक्षात राहतं.”

आत्याचं हसू ओसरलं. तिनं शर्टाची कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं.

“मी इथं कोपऱ्यावर उभी होते,” ती म्हणाली.

“हो, मग?”

“मग काय. उभीच होते.”

आणि इस्त्री फिरायला लागली. पुढे तिनं ताकास तूर लागू दिली नाही. भाची बसून बसून उठली. आत्या कधी कोड्यात बोलणारी बाई नव्हती, म्हणूनच ते वाक्य तिला कुसळासारखं टोचत राहिलं.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी कप्तान आला. मुलगी दुकानातच होती. बापाला एकटं सोडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. जाडजूड, टकला, चालताना एका बाजूला झुकणारा माणूस मोटारीतून उतरला आणि दारात उभा राहून दुकान बघायला लागला. एकांड्यानं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी ‘ये’ म्हणालं नाही, कुणी ‘कसा आहेस’ म्हणालं नाही. मग एकांडा उठला आणि हात पुसत मागच्या खोलीत निघून गेला.

“तसाच आहे,” कप्तान म्हणाला. “तू मुलगी का?”

“हो. बसा काका.” तिनं स्टूल पुढे केलं, पाण्याचा ग्लास सरकवला, आणि मग सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, सरळ मुद्द्यावर आली. “त्या दिवशी तुम्ही त्यांच्या मागे का लागला नाहीत?”

कप्तानानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

“तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्यात एक रीत आहे, पोरी. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असली की त्याला आम्ही पुढे सोडतो. तो कप्तानांना विचारतो, कप्तान हो म्हणतात. मग तो एकटा पुढे जातो, त्याची माणसं जिथं उभी असतील तिथं थांबतो, गळाभेट घेतो, लेकराचा मुका घेतो. आम्ही मागून निवांत येतो. कुणी वेग वाढवत नाही. आम्ही पोचलो की तो पुन्हा आमच्यात येतो आणि शर्यत सुरू. महिनोन्महिने घराबाहेर असलेल्या माणसांची रीत आहे ती, नियमात कुठं लिहिलेली नाही.”

“आणि बाबांनी विचारलं?”

“मला विचारलं. माझाच माणूस तो. म्हणाला, लाँड्रीच्या कोपऱ्यावर माझी बहीण उभी असेल, थांबू का? दहा वर्षांत त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मी सगळ्या घोळक्याला ओरडून सांगितलं, याला जाऊ द्या रे. आम्ही बाटल्या काढल्या, गप्पा मारल्या. कोपऱ्यावर आलो तर हा नाहीच. आम्हाला वाटलं, पुढे उभा असेल. ते कळेपर्यंत तो घाटात होता.”

“मग?”

“मग सगळे माझ्यावर उलटले. यानंच डाव टाकला म्हणाले, आपल्या माणसाला रीतीच्या नावानं पुढे काढलं. मी शपथा घेतल्या, कोण ऐकतो. त्याला मात्र कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. फक्त त्याला कुणी आडोसा देईना. पुढच्याच्या मागे लपून चालवलं तरच वाऱ्यात टिकाव लागतो. हा कुणाच्या मागे आला की तो बाजूला व्हायचा. उरलेला सगळा हंगाम त्यानं एकट्यानं वारा खाल्ला. मग शर्यतीच सोडल्या त्यानं.”

मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. गोळ्या नाहीत, इंजेक्शनं नाहीत, विकाविकी नाही.

“एवढंच?” ती म्हणून गेली.

कप्तान तिच्याकडे बघत राहिला. “तुम्हा बाहेरच्यांना एवढंच वाटणार,” तो म्हणाला. “उद्या मी गावाला काही सांगायला आलेलो नाही, घाबरू नकोस. उद्या पुलावर आम्ही त्याला रीतीनं पुढे सोडू. पुढे त्याचं तो बघेल.”

तो गेला. ती स्टुलावर बसली आणि तेव्हा कुठे तिला आत्याचं वाक्य समजलं. मी इथं कोपऱ्यावर उभी होते. उभीच होते. ‘एवढंच’ हा शब्द तिच्या तोंडात कडू झाला.

ती मागच्या खोलीत गेली. बाबा जुन्या सायकलीपुढे बसले होते, तीच सायकल. धूळ पुसून झाली होती.

“का नाही थांबलात?”

एकांड्यानं सगळं ऐकलं होतं. भिंत ती काय, फळीची.

“मी थांबणारच होतो,” तो म्हणाला. “पूल उतरलो आणि लोक ओरडायला लागले. माझं नाव घेऊन. तोवर माझं नाव घेऊन कुणी ओरडलं नव्हतं गं. बाटली आण, पुढे हो, चाक दे, एवढंच ऐकलेलं. कोपरा आला. ताई दिसली. हातात टॉवेल होता, माझ्यासाठी ओला करून आणलेला. लाँड्रीतल्या सगळ्या बायका तिच्या बाजूला उभ्या होत्या. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं असणार, माझा भाऊ थांबणार आहे. माझी बोटं ब्रेकवर होती. मनात म्हटलं, परत येताना भेटू.”

“आणि परत येताना भेटलात?”

“परत आलो तेव्हा लोकांच्या खांद्यावर होतो.”

पुसून झालेल्या सीटवरून त्यानं पुन्हा फडकं फिरवलं.

“दुसऱ्या दिवशी गेलो. ती इस्त्री करत होती. म्हणाली, जिंकलास ना, झालं तर मग. नंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकांडा, एकांडा. कुणाकुणाला सांगू, की मी चोरलंय हे? आणि खरं सांगू? मला गोडही लागायचं. तेच तर वाईट आहे.”

तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि एक धपाटाही घालावासा वाटला. तिनं दोन्ही केलं नाही. “उद्या थांबणार आहात का?” तिनं विचारलं.

“ती उभी राहील?” एकांड्यानं विचारलं.

ती लगोलग लाँड्रीत गेली, गयावया केली. आत्या म्हणाली, “उद्या मला हॉटेलच्या चादरी द्यायच्यात. मला उभं राहायला सवड नाही.” मग म्हणाली, “त्याची पुन्हा वाट बघत उभी राहू? एवढी का मी येडी आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा रस्ता माणसांनी फुलून गेला. मुलगी लाँड्रीच्या कोपऱ्यावर येऊन थांबली. लाँड्रीचं शटर खालपर्यंत ओढलेलं, कडेला पत्रा वाकून पडलेली बोटभर फट तेवढी उघडी. तिनं हाक मारली, आतून उत्तर आलं नाही. हिला बाबांची शंका, आत्याची शंका, कप्तानाची शंका; ऐनवेळी तो खुन्नस काढेल, मागून सगळे सुटतील, बाबा पुन्हा हुरळतील. लोक ओरडले की बाबांचं काय होतं हे आता तिला माहीत होतं.

आणि लोक ओरडायला लागले. ‘एकांडा, एकांडा’ करत तो आवाज पुलाकडून घरंगळत आला. बाबा एकटे पुढे होते, हँडलवर वाकलेले, केस पांढरे. ते सलूनसमोरून गेले, वेग कमी नव्हता. कोपरा जवळ आला तरी कमी होईना. ‘गेले,’ ती मनात म्हणाली, ‘गेले हे पुन्हा.’ तेवढ्यात ब्रेक करकरले. सायकल थरथरत लाँड्रीपुढे उभी राहिली आणि एकांड्यानं पाय जमिनीला टेकला.

मग कुणीतरी म्हणालं, “दादा, चला की, मागून आले ते.” मागून सलूनवाला गर्दी कापत धावत आला. “चेन पडली का? गुडघा का? ढकलू का दादा?”

एकांडा सायकलवरून उतरला. शटरवर बोटांनी टकटक केलं.

“कोण आहे?” आतून आत्या.

“मी आहे, ताई. थांबलोय.”

आत काही हाललं नाही. मग आवाज आला, “इस्त्री तापलीय माझी. चादरी व्हायच्यात. थांबायचं तर थांब.”

“थांबतो.”

म्हाताऱ्यांचा घोळका आला. कप्तान सगळ्यांत पुढे, लाल झालेला, घामाघूम. त्यानं उभ्या असलेल्या एकांड्याकडे पाहिलं, हँडलवरून एक हात वर केला आणि पुढे गेला. मागचे एकेक जण जाताना मान हलवत गेले. घोळका घाटाच्या वळणावर दिसेनासा झाला. एकांडा शटरपाशीच उभा.

सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी. पण असे लोक फार वेळ दुःखात राहत नाहीत. “बघितलंत?” त्यानं गर्दीकडे वळून सांगितलं. “सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. याला म्हणतात मोठं मन.”

“तसं नाहीये,” एकांडा म्हणाला. लोकांसमोर तो पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलत होता. “त्या वेळी मी इथं थांबायला म्हणून पुढे आलो होतो. त्यांनी मला त्यासाठी सोडलं होतं. मी थांबलो नाही, निघून गेलो. म्हणून जिंकलो. ते जिंकणं खरं नाही.”

गर्दीनं ते नीट ऐकून घेतलं.

“किती नम्र माणूस,” सलूनवाला म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकांड्यानं हताशपणे मुलीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. लोकांनी एकदा डोक्यावर घेतलेला माणूस स्वतःच्या पायानं खाली उतरू शकत नाही, हे तिला तिथं लख्ख कळलं.

ऊन चढलं, गर्दी पांगली. सलूनवाल्याला त्याच्या बायकोनं ओढून नेलं. एकांडा उन्हात उभाच. मुलीनं बसायला काही आणू का विचारलं, तो नको म्हणाला. त्याचे पाय कापत होते. कुठला गुडघा ते तिनं विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं शटर वर गेलं. आत्या दारात आली. तिनं रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

“सगळे गेले?”

“गेले,” एकांडा म्हणाला.

“तुला जायचं नाही?”

“नाही.”

आत्यानं हातातला टॉवेल त्याच्या तोंडावर दाबला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा, जरा जोरातच. तो टॉवेलातच रडायला लागला. आत्या पुसत राहिली. “आत ये,” ती म्हणाली. “ऊन बघ किती झालंय.”

मुलगी त्यांच्या मागून आत गेली. सवयीनं तिची नजर फिरली. टेबलावर एकही चादर नव्हती. कोपऱ्यात हॉटेलची बांधलेली गाठोडी होती, कालच तयार असावीत. शटरच्या आतल्या बाजूला, फटीतून रस्ता दिसेल अशी, एक खुर्ची ओढलेली होती. तिनं जाता जाता इस्त्रीला बोट लावलं. इस्त्री गार होती.

तिनं बोट काढून घेतलं आणि कुणाला काही विचारलं नाही.